साथ आणि रोजा

एप्रिल २०२० चा तिसरा आठवडा. टाळेबंदी लागून महिना होत आला होता. नाशिक जिल्ह्यातील एका उर्दू शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचा फोन आला. काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेतील शिक्षक शिबिराला ते आले होते. तेव्हापासून काही अडले की विचारतात. बहुधा प्रश्न पाठ्यपुस्तकातला असतो. या वेळी तसे नव्हते.

"मॅडम, चार दिवसांनी रमजान लागतोय. अम्मीचं वय अडुसष्ट. पंधरा वर्षांपासून साखर आहे, इन्सुलिन चालू आहे. ती म्हणते, एवढी मोठी बला आलीय, तर या वर्षी एकही रोजा सोडायचा नाही. काय सांगू तिला?"

मग थोडे थांबून म्हणाले, "अजून एक आहे. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी विचारलंय, की महिनाभर दिवसा पाणीही न पिता राहिल्यावर तुमच्या लोकांची प्रतिकारशक्ती कमी होऊन साथ वाढणार नाही का? मला उत्तर देता आलं नाही. रागही आला. पण प्रश्न चुकीचा आहे की नाही, तेच कळेना."

राग येण्यासारखे दिवस होते खरे. मार्चमधल्या दिल्लीच्या एका धार्मिक मेळाव्यानंतर रोगाला जणू धर्मच चिकटवला गेला होता. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असेही नोंदवले. पण वाकड्या सुरात विचारलेला प्रश्नही प्रश्न म्हणून चांगला असू शकतो. रोजा ठेवल्याने साथीत संसर्गाचा धोका वाढतो का? हा प्रश्न मोजमापाने तपासता येण्याजोगा आहे. मी पेशींच्या चयापचयावर काम करते, डॉक्टर नाही. म्हणून त्यांना म्हटले, मला दोन दिवस द्या. त्या दोन दिवसांत जे वाचले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यात जी भर पडली, ते येथे मांडते आहे.

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण आपल्यापैकी अनेकांना तो नीट माहीत नसतो. पहाट फुटण्यापूर्वी सहरी घ्यायची, सूर्यास्ताला इफ्तार करायचे आणि मधल्या वेळात अन्न व पाणी दोन्ही वर्ज्य. मात्र कुराणाच्या ज्या दुसऱ्या अध्यायात रोजा सांगितला आहे, तेथेच आजारी आणि प्रवासात असलेल्यांना सूट दिली आहे. त्यांनी राहिलेले रोजे पुढे सवडीने भरून काढावेत. याला कजा म्हणतात. ज्यांना पुढेही जमण्यासारखे नाही, त्यांनी प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. हा फिदया. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होण्याची भीती असेल तर, सूट आहे. थोडक्यात, आजारी माणसाचा प्रश्न नियमातच सुटलेला होता. २०२० मध्ये पेच होता तो निरोगी माणसाचा. आज धडधाकट असलेल्याने 'उद्या आजारी पडेन' या भीतीने रोजा सोडावा का?

यावर धर्मपंडितांनी वैद्यकाकडेच पाहिले, ही गोष्ट मला उल्लेखनीय वाटते. कैरोच्या अल-अझहरने डॉक्टरांशी चर्चा करून एप्रिलमध्ये सांगितले, की रोजा आणि या विषाणूचा संसर्ग यांचा संबंध दाखवणारा पुरावा नाही, म्हणून निरोगी माणसाचे कर्तव्य कायम आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने, लक्षणे असलेल्यांबरोबरच, रुग्णांची सेवा करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांनाही गरज वाटल्यास रोजा न ठेवण्याची मुभा दिली. (संरक्षक पोशाख चढवल्यावर सहा-सहा तास घोटभर पाणी न मिळणाऱ्या या मंडळींचा तर रोजा नसतानाच रोजा होता!) जागतिक आरोग्य संघटनेने १५ एप्रिलला सूचना काढल्या. उपवास आणि या रोगाचा धोका यांवर एकही अभ्यास झालेला नाही, असे त्यात मोकळेपणाने म्हटले होते. निरोगी लोकांनी पूर्वीप्रमाणे रोजा ठेवायला हरकत नाही आणि बाधितांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने धर्मातील सवलतीचा विचार करावा, असा त्यांचा सल्ला होता.

आता शरीराकडे वळू. आपल्याकडे एप्रिलच्या शेवटी रोजा साधारण १४ तासांचा होतो. आपण रात्री साडेआठला जेवून सकाळी साडेआठला न्याहारी करतो, तेव्हा अन्नाविना १२ तास काढलेलेच असतात. शेवटच्या जेवणातील साखर आतड्यातून रक्तात येणे चार-पाच तास चालते. ती ओसरली की यकृत आपल्या साठ्यातील ग्लायकोजेन फोडून रक्तात ग्लुकोज सोडू लागते. मेंदूला तासाला सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज लागते आणि निरोगी प्रौढाच्या यकृतातील साठा १०० ग्रॅमच्या आसपास असतो. दुपारनंतर हा साठा उतरू लागतो तशी चरबी अधिकाधिक जळू लागते, आणि यकृत इतर पदार्थांपासून थोडे नवे ग्लुकोजही बनवते. सूर्यास्ताला माणूस थकलेला असतो, पण त्याचे इंधन संपलेले नसते. रोजची सहरी आणि इफ्तार हे साठे पुन्हा भरतात. म्हणून तीस रोजे म्हणजे तीस दिवसांचे उपोषण नव्हे. मुलांशी बोलताना हा फरक आवर्जून सांगावा.

पाण्याची गोष्ट थोडी वेगळी, कारण रात्री आपण झोपलेले असतो आणि रोजात जागे, कधी उन्हात. पाणी कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक सुटते आणि मूत्रपिंडे पाणी राखू लागतात. मूत्र रक्तद्रवाच्या चौपटीपर्यंत दाट करण्याची त्यांची क्षमता असते. सावलीत बसणाऱ्या निरोगी माणसाची एवढ्या वेळातील तूट रात्रीच्या पाण्याने भरून निघते. भट्टीपाशी, बांधकामावर किंवा शेतात राबणाऱ्याचे गणित निराळे.

पाण्यावरून त्या वेळी एक अफवाही जोरात होती. दर पंधरा मिनिटांनी घोट घेतला की घशातील विषाणू पोटात वाहून जातो आणि तेथील आम्लात मरतो म्हणे. हे खरे असते तर रोजा धोक्याचाच ठरला असता. परंतु विषाणू प्रामुख्याने श्वासाबरोबर येतो. नाकाच्या आतील पेशींना तो चिकटतो आणि तेथून खाली फुप्फुसाकडे उतरू शकतो. पाण्याचा घोट त्या वाटेने जातच नाही. गेला तर ठसका लागेल.

आणि प्रतिकारशक्ती? हा शब्द २०२० मध्ये इतका वापरला गेला, की ती बाटलीतल्या तेलासारखी कमी-जास्त होणारी एक वस्तू आहे असे वाटू लागले. प्रत्यक्षात ते अनेक पेशींचे आणि त्यांच्यातील रासायनिक संदेशांचे एक जाळे आहे. त्यातले काही धागे मोजता येतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० निरोगी स्वयंसेवकांचे रक्त रमजानपूर्वी, रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात आणि रमजान संपल्यावर महिन्याने तपासले होते. रमजानमध्ये दाह वाढवणारी संदेशद्रव्ये कमी झालेली आढळली. पांढऱ्या पेशीही थोड्या कमी झाल्या, पण निरोगी माणसाच्या नेहमीच्या मर्यादेतच राहिल्या. यावरून 'रोजा ठेवल्याने रोग होत नाही' असे म्हणणारे भेटले, तसे 'पांढऱ्या पेशी कमी होतात, बघा' म्हणणारेही भेटले. एकाच तक्त्यातील दोन वेगवेगळ्या ओळी दोघांनी उचलल्या होत्या. रक्तातील आकडे थोडे हलणे आणि माणूस आजारी पडणे यांत बरेच अंतर आहे, आणि ५० माणसांच्या अभ्यासाने ते ओलांडता येत नाही.

माझ्या स्वतःच्या विषयाशी जवळचा एक प्रयोग सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०१६ मध्ये तो झाला. आजारी पडले की भूक का मरते, असा त्या गटाचा प्रश्न होता. लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग झालेल्या उंदरांना जबरीने अन्न भरवले तर ते मेले. त्यातील ग्लुकोजच घातक ठरत होते. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूने आजारी केलेल्या उंदरांत मात्र उलटे घडले. अन्न भरवल्याने ते जास्त वाचले आणि ग्लुकोजचा वापर औषधाने रोखला तर मेले. दोन्ही प्रकारांत जंतूंच्या संख्येत विशेष फरक नव्हता. फरक होता तो संसर्गाचा ताण सोसण्याच्या पेशींच्या ताकदीत.

मग विषाणूच्या साथीत रोजा वाईट, असे म्हणायचे का? एवढी उडी मारता येणार नाही. एक तर ते उंदीर आधीच आजारी होते, आणि आजाऱ्याला रोजाची सूट आहेच. दुसरे, वीस-पंचवीस ग्रॅमच्या उंदराचा चयापचय माणसापेक्षा कितीतरी वेगवान असतो. त्याचा एक दिवसाचा उपवास म्हणजे आपले बरेच दिवस. पण बाधित झालेल्या माणसाने हट्टाने रोजा चालू ठेवू नये, या सल्ल्याला या प्रयोगाने थोडे बळ मिळते, एवढे म्हणता येईल.

माणसांवरचा एक अभ्यास मला अधिक उपयोगाचा वाटतो, आणि तो उपवासावर नाहीच. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या झोपेची नोंद दोन आठवडे ठेवली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचे प्रमाण आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. रमजानमध्ये माणूस पहाटे साडेतीन-चारला उठतो आणि तरावीहच्या लांबलेल्या नमाजामुळे उशिरा झोपतो. दुपारी थोडी झोप मिळाली तर मिळाली. म्हणजे साथीच्या दृष्टीने पाहायचे, तर रोजाच्या दिवसापेक्षा रमजानची रात्र अधिक महत्त्वाची असू शकते. याच रात्री मशिदीत खांद्याला खांदा लावून नमाज होते, एका ताटातून इफ्तार होते, बाजार फुलतो. उपाशी पोट विषाणू पसरवत नाही. बंद खोलीतला शेजाऱ्याचा श्वास पसरवतो.

२०२० मध्ये ही रात्रच बदलली होती. मक्केच्या मशिदीत तरावीह झाली, पण बाहेरच्या लोकांना प्रवेश नव्हता आणि नमाजही आखूड केली होती. आपल्याकडे देवबंदच्या दारुल उलूमसह अनेक संस्थांनी घरीच नमाज पढण्याचे आवाहन केले.

आता अम्मींकडे येऊ. त्यांच्या बाबतीत मात्र मला दोन दिवसही लागायला नको होते. निरोगी माणसात रक्तातील साखर उतरू लागली, की स्वादुपिंड इन्सुलिन आवरते घेते आणि यकृताला साखर सोडायला सांगणारे संप्रेरक वाढवते. सुईने टोचलेले इन्सुलिन मात्र असे आवरते घेता येत नाही. पोटात अन्न असो-नसो, ते आपले काम करतच राहते. २००१ मध्ये १३ देशांतील बारा हजारांवर मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली होती. पहिल्या प्रकारच्या मधुमेहींपैकी ४३ टक्के आणि दुसऱ्या प्रकारच्यांपैकी ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये रोजे ठेवले होते. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग इतर महिन्यांच्या तुलनेत पहिल्या प्रकारात ४.७ पट, तर दुसऱ्या प्रकारात ७.५ पट झाले होते. शिवाय इफ्तारनंतर साखर वर उसळते ती वेगळीच. गोळ्यांवर असलेले अनेक रुग्ण डॉक्टरांकडून वेळा आणि मात्रा बदलून घेऊन सुखरूप रोजे करतात. पण वय अडुसष्ट, इन्सुलिन चालू, आणि बाहेर अशी साथ की जिच्यात मधुमेहींचे मृत्यू अधिक! त्यात रात्री साखर उतरून रुग्णालयात न्यावे लागले असते, तर तेथे खाट मिळेल का आणि तेथूनच विषाणू घरी येईल का, हे दोन नवे प्रश्न. जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे मधुमेहाच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही धर्मपंडितांच्या संमतीने नमूद आहे. पुष्कळ रुग्ण तो तुटतो असे समजून महिनाभर तपासणीच बंद ठेवतात. आपल्या शाळेतील पालकांना हे सांगावे.

मी हे सारे त्यांना सांगितले आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला सांगितले. "अम्मी डॉक्टरांचं ऐकणार नाही, मौलानांचं ऐकेल," ते म्हणाले. मग मौलानांनाही विचारा, म्हटले.

आता गटावरच्या प्रश्नाकडे. यासाठी थोडे मागे, चौदाव्या शतकात जावे लागेल. प्लेगच्या महासाथीत, १३४८ च्या उन्हाळ्यात, प्रवासी इब्न बतूता दमास्कसमध्ये होता. तो लिहितो, की तेथील सुभेदाराने सर्वांना सलग तीन दिवस रोजे ठेवायला सांगितले, बाजारात दिवसा अन्न शिजवण्यास मनाई केली, आणि मग मुस्लिम, ख्रिस्ती, यहुदी, बायका-मुले असे सारे शहर प्रार्थनेसाठी एकत्र चालत गेले. हे रमजानचे रोजे नव्हते, संकटनिवारणासाठी ठेवलेले खास रोजे होते. इब्न बतूताच्या मते त्याचा गुण आला. दमास्कसमध्ये दिवसाचे मृत्यू दोन हजारांपर्यंतच गेले, कैरोत मात्र चोवीस हजारांपर्यंत, असे तो सांगतो. (कैरोचा आकडा ऐकीव आणि फुगवलेला असणार.)

याच दमास्कसच्या प्रसंगाविषयी कैरोचे विद्वान इब्न हजर अल-अस्कलानी यांनी प्लेगवरील आपल्या ग्रंथात नेमके उलटे नोंदवले आहे, की लोक जमले त्याच्या आधी साथ सौम्य होती, नंतर ती भडकली. ते हे अलिप्तपणे लिहीत नव्हते. प्लेगने त्यांच्या तीन मुली नेल्या होत्या. १४३० मध्ये त्यांच्या डोळ्यांसमोर कैरोत तेच पुन्हा घडले. दिवसाचे मृत्यू चाळिसाच्या आत असताना लोकांना तीन दिवस रोजे ठेवायला सांगितले गेले आणि मग सारे वाळवंटात प्रार्थनेला जमले. महिना संपायच्या आत दिवसाला हजारावर माणसे मरू लागली. रोजा ठेवण्याला त्यांचा आक्षेप नव्हता. अशा जमण्याला मात्र आधार नाही, असे त्यांचे मत होते.

वर्गात चर्चेला घ्यावे असे हे उदाहरण आहे. एकच घटना आणि दोन उलटे निष्कर्ष. इब्न बतूताने एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना केली, इब्न हजर यांनी एकाच गावाच्या आधीची नंतरशी केली. साथरोगशास्त्र आजही याच दोन तुलना वापरते आणि त्या दोन्हींत तेव्हा होते तेच खड्डे आजही आहेत. दोन गावांत रोजाखेरीज इतरही शंभर फरक असतात. आणि चढणीला लागलेली साथ कोणी काहीही केले नसते तरी वाढलीच असती. लोकांनी रोजे ठेवले तेच मुळी साथ वाढू लागल्यामुळे! कैरोतील प्लेग पिसवांनी किती पसरवला आणि खोकल्याने किती, हे कळल्याशिवाय त्या गर्दीचा वाटाही ठरवता येत नाही. इब्न हजर यांचा सल्ला योग्य होता, पण त्यांच्या आकड्यांनी तो सिद्ध होत नाही. हे मुलांना पटवणे अवघड जाते. मोठ्यांना त्याहून अवघड.

२०२० च्या रमजाननंतर इंग्लंडमधील काही डॉक्टर व संशोधकांनी तोच प्रश्न घेतला. ज्या भागांत मुस्लिमांची वस्ती २० टक्के किंवा अधिक आहे असे डझनभराहून जास्त भाग त्यांनी निवडले आणि तेथील कोविड मृत्यूंचा आलेख पाहिला. रमजानमध्ये मृत्यू उतरत गेले आणि नंतरही उतरतच राहिले. रोजाचा घातक परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष त्यांनी २०२१ मध्ये मांडला. तेथे त्या महिन्यात रोजा १६ ते १८ तासांचा होता, हेही लक्षात घ्यावे.

हा अभ्यास वाचताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच दिवस आणि मृत्यू ओढवलाच तर तोपर्यंत आणखी दोनेक आठवडे जातात. म्हणजे रमजानच्या पहिल्या पंधरवड्यातील मृत्यू हे रमजानपूर्वीच्या संसर्गाचे होते. रमजानमधील संसर्गाचा हिशेब ईदनंतरच्या आलेखात पाहायचा. तेथेही वाढ नव्हती, म्हणून निष्कर्षाला वजन आहे. दुसरी गोष्ट, त्या वेळी इंग्लंडमध्ये टाळेबंदी होती आणि मशिदी बंद होत्या. त्यामुळे 'रोजाने साथ वाढली नाही' असे म्हणता येते. 'रोजाने साथ उतरली' असे नाही.

आपल्याकडे मालेगावात असेच घडले. ८ एप्रिल २०२० ला तेथे पहिले रुग्ण सापडले आणि रमजान लागेपर्यंत ते राज्यातील चिंतेच्या गावांपैकी एक झाले. खाजगी दवाखाने बंद पडल्याने इतर आजारांचे रुग्णही दगावत होते. मग रमजान संपता संपता रुग्ण उतरू लागले, आणि श्रेयाचे दावे सुरू झाले. कोणी रोजांचे नाव घेतले, कोणी तेथील युनानी महाविद्यालयाच्या मन्सुरा काढ्याचे, कोणी यंत्रमाग कामगारांच्या काटकपणाचे. त्याच महिन्यात यंत्रमाग थांबले होते, मशिदी बंद होत्या, प्रशासन घरोघर फिरत होते, आणि किती जणांना नकळत संसर्ग होऊन गेला याचा पत्ता नव्हता. एकाच वेळी घडलेल्या इतक्या गोष्टींतून एक निवडून तिच्या गळ्यात हार घालणे म्हणजे इब्न बतूताचीच चूक सहाशे बहात्तर वर्षांनी पुन्हा करणे. रुग्ण वाढले असते, तर याच मंडळींपैकी कितीजणांनी रोजांना दोष दिला असता, हेही मनात येऊन जाते. गटावर शिक्षकांनी शेवटी काय लिहिले ते त्यांनी मला नंतर वाचून दाखवले. उपाशी राहिल्याने निरोगी माणसाला संसर्ग अधिक होतो याचा पुरावा नाही, गर्दीने होतो याचा आहे, आणि आमची मशीद बंद आहे. तिन्ही वाक्ये बरोबर होती.

पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, रमजान १४ एप्रिलला लागला. त्या वेळी दुसरी लाट चढत होती आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशात एका दिवसात चार लाखांवर रुग्ण नोंदले गेले. पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस १ एप्रिलपासून खुली झाली होती. पुन्हा फोन आला. लस घेतल्याने रोजा तुटतो का? या वेळी माझ्याकडून फक्त अर्धे उत्तर हवे होते, की लस जाते कुठे. दंडाच्या स्नायूत जाते, पोटात जात नाही आणि तिच्यात पोषण नसते. उरलेले अर्धे सौदी अरेबियाच्या मुफ्तींपासून लखनौच्या फिरंगी महलपर्यंत अनेकांनी देऊन ठेवले होते. रोजा तुटत नाही. लसीनंतर ताप चढलाच, तर त्या दिवशी आजाऱ्याची सूट आहे. ते स्वतः रोजात जाऊन लस घेऊन आले.

अम्मींनी २०२० मध्ये एकही रोजा ठेवला नाही. मौलानांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे पाहून फिदयाचा हिशेब लिहून दिला. तीस दिवसांचे धान्य काम बंद पडलेल्या एका कामगाराच्या घरी गेले. पण पहाटे उठून सगळ्यांची सहरी त्याच करायच्या. "त्यांचा एक नियम तेवढा मोडला नाही," सर म्हणाले.

रोजा आणि साथ यांचा संबंध खऱ्या अर्थाने तपासायची एक सोय मात्र पंचांगानेच करून ठेवली आहे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. आपल्याकडे इन्फ्लुएन्झा पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो. २०११ ते २०१४ चे रमजान पावसाळ्यात आले होते, २०२० चा कडक उन्हाळ्यात, पुढचे काही थंडीत येतील. अनेक वर्षांच्या नोंदी नीट ठेवल्या, तर ऋतूचा परिणाम आणि रोजांचा परिणाम वेगळा काढता येईल. सरांनी आठवीच्या मुलांकडून हे सरकणारे रमजान २०५० पर्यंत तक्त्यात मांडून घेतले. तेव्हा मुलांना आढळले, की २०३० मध्ये रमजान दोनदा लागतो, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. त्यावर एका मुलीने विचारले, "मग त्या वर्षी रमजान ईद एकदाच कशी?" सरांनी उत्तर दिले नाही, कॅलेंडर तिच्या हातात दिले.